अपडाऊनमधली प्रार्थना

आमच्या चर्चच्या उपासनेत बायबलमधला योहान 15 वाचला गेला की मला हमखास हसू येतं, वचनावर नाही हं, आमच्या खानदेशावर. "मी वेल आहे, तुम्ही फाटे आहात" हे पाळकसाहेब जीव तोडून समजावतात आणि समोरच्या अर्ध्या मंडळीने द्राक्षाची बाग पाहिली असेल ती नाशिककडे जाताना कधीतरी. आपल्याकडे केळी, आणि केळीला कुठला आलाय फाटा! पण त्या अध्यायातला प्रभूचा मुद्दा "माझ्यामध्ये राहा" असा राहण्याचा आहे, रविवारी दोन तास येऊन जाण्याचा नाही, आणि घोडं तिथंच अडतं. सोमवारी सकाळी डबा, नळाचा दिवस असला तर पाणी भरणं, पोराचा एक सॉक्स कायम गायब, आणि मग भुसावळ ते जळगाव अपडाऊन. यात ख्रिस्तामध्ये राहायचं म्हणजे नेमकं कुठे राहायचं?

पहाटे पाचला उठून तासभर शांत वेळ घ्या असं सांगणारे लोक मला आवडतात, फक्त त्यांच्या घरी चहा कोण करतं ते एकदा विचारायचंय. पहाटेची प्रार्थना चांगलीच, प्रभू स्वतः अंधार असतानाच उठून एकांतात जायचा असं मार्कच्या शुभवर्तमानात आहे. पण माझा जास्त भरवसा जुन्या करारातल्या नहेम्यावर. हा शूशनच्या राजवाड्यात राजाचा प्यालेबरदार, म्हणजे द्राक्षारसाचा प्याला देणारा, यरुशलेमच्या पडलेल्या भिंतींच्या बातमीने चेहरा उतरलेला, आणि राजा अर्तहशश्त विचारतो, तुला काय हवंय? तिथे एका ओळीत लिहिलंय की त्याने देवाची प्रार्थना केली आणि मग राजाला उत्तर दिलं. राजा समोर, उत्तराची वाट बघतोय, तेवढ्यात किती वेळ मिळाला असेल? डोळेसुद्धा मिटले नसतील. शब्द काय होते तेही दिलेलं नाही. माझ्या बहुतेक प्रार्थना याच मापाच्या असतात, हेडमास्तरांच्या केबिनचं दार ढकलताना "प्रभू, जिभेवर लक्ष ठेव" एवढीच. अर्थात नहेम्याने त्याआधी बरेच दिवस उपास करून रडून प्रार्थना केलेली होती, ते पहिल्या अध्यायात आहे, ते सोडून फक्त शॉर्टकट उचलायचा असं होत नाही.

माझी एक मैत्रीण आहे यावलकडची, घरची केळीची बाग. गेल्या मे महिन्यात तिच्याकडे गेले तर भर उन्हात डोक्याला रुमाल बांधून ती ठिबकच्या नळीवरून वाकून वाकून चालत होती, एकेका ड्रिपरखाली बोट धरून बघत. मोटर चालू, नळीत पाणी, सगळं ठीक दिसतंय, पण मधेच एका ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा क्षार जमलेला, थेंब नाही. ती म्हणे, झाड त्या दिवशी काही बोलत नाही ग, आठ दिवसांनी पानं पिवळी पडायला लागली की कळतं. मी म्हटलं मग पाटाने एकदाच भरमसाट सोडायचं ना, तर म्हणाली निम्मं खाली झिरपून जातं, मुळांना रोजचं थोडं थोडंच लागतं. मला तिथेच आमच्या तीन दिवसांच्या संजीवन सभा आठवल्या, विश्वास पुन्हा जागा करायला भरवतात त्या. मंडप, साऊंड, डोळ्यात पाणी, आणि पुढच्या गुरुवारी परत जैसे थे. सभा नको असं नाही, पण गुरुवारचं काय? माझंही प्रार्थना सुटली त्या दिवशी काहीच बिघडत नाही, चौथ्या दिवशी घरात भांड्यांचा आवाज वाढतो आणि सासूबाई विचारतात, काय झालं ग?

मंडळीच्या ग्रुपवर सकाळी सहाला गुलाबाच्या फोटोवर येणारी वचनं मी यात धरत नाही. पुढे पाठवताना पाठवणाऱ्यानेही वाचलेली नसतात.

लेडीज डब्यात मात्र चांगलं जमतं. भादली येईपर्यंत गडबड असते, मग बायका आपापल्या कामाला लागतात, कुणी मेथी निवडतं, समोरच्या काकू हरिपाठ म्हणतात, मी खिडकीकडे तोंड करून वर्गातल्या पोरांची नावं एकेक करून प्रभूसमोर ठेवते. रेल्वेचं आणि आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांचं तसं जुनं नातं आहे. कवी ना. वा. टिळक 1893 साली नागपूरहून राजनांदगावला निघालेले, डब्यात एका अनोळखी साहेबाशी गप्पा रंगल्या, त्याने नवा करार हातात ठेवला आणि म्हणाला दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी ख्रिस्ताला अभंग-ओवीत गायलं, तुकोबांच्याच वाटेने, म्हणून तर आमची भजनं टाळ-मृदंगावर बसतात.

परवा त्या काकूंनी विचारलंच, "काय वं माय, रोज खिडकीशी काय पुटपुटते?" मी म्हटलं प्रार्थना करते काकू, तर म्हणाल्या, "मग माह्या नातवाचं नाव घे त्यात, बारावीले आहे." मी नाव विचारून घेतलं. आता त्या रोज चढल्या चढल्या तपासतात, घेतलं का म्हणून, त्यामुळे एकही दिवस चुकवायची सोय राहिलेली नाही.