आतलं शून्य, बाहेरचं शून्य

रूटलेस कंटेनरने, म्हणजे रूटच्या (लिनक्सच्या सर्वाधिकारी युजरच्या) अधिकाराशिवाय साध्या युजरने चालवलेल्या बंदिस्त प्रोग्रॅमने, लिहिलेलं फोल्डर बाहेरून उघडून पाहिलं की मालकाच्या नावाच्या जागी १०००३२ असा आकडा बसलेला दिसतो. आतून पाहावं तर तीच फाइल ३३ नंबरच्या युजरची, म्हणजे डेबियनच्या प्रथेप्रमाणे वेब सर्व्हरच्या युजरची. एक लाख अधिक तेहेतीस असतं तर कोणी काही म्हटलं नसतं. पण हे बत्तीस कुठून आलं? इथे भल्याभल्यांचा धीर सुटतो आणि हात ७७७ कडे, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी देण्याकडे, वळतो. त्या ७७७ ने काम चालतंही, आणि तीच पंचाईत आहे, कारण मग मूळ हिशोब कुणी करतच नाही.

हिशोब दोन ओळींचा आहे. लिनक्स चालू प्रोसेसची माहिती ज्या प्रॉक फोल्डरमध्ये दाखवतो, तिथे प्रत्येक प्रोसेसच्या नावे यूआयडी-मॅप (युजरच्या नंबरांचा नकाशा) नावाची फाइल असते. रूटलेस कंटेनरसाठी ती साधारण अशी दिसते:

० १००० १
१ १००००० ६५५३६

तीन रकाने: आतला आरंभ, बाहेरचा आरंभ, आणि किती. पहिली ओळ सांगते की आतला शून्य, म्हणजे कंटेनरमधला रूट, हा बाहेरचा १००० आहे. म्हणजे कंटेनर सुरू करणारे तुम्हीच. दुसरी ओळ सांगते की आतल्या १ पासून पुढचे सगळे सबयूआयडी फाइलमध्ये तुमच्या नावावर लावून ठेवलेल्या पट्ट्यातून येतात, आणि तो पट्टा १००००० पासून सुरू होतो. शून्याची सोय आधीच दुसरीकडे झालेली असल्यामुळे पट्ट्यातला पहिला आकडा शून्याला नाही, एकाला मिळतो. म्हणून ३३ चा होतो १०००३२ आणि ९९९ चा १००९९८. डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या साधनाचा डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) रूट म्हणून चालवून त्यात युजर-रीमॅप चालू केलं असेल, तर आतलं शून्यही पट्ट्यातच बसतं. तिथे ३३ चा सरळ १०००३३ होतो. दोन्हींच्या सूचना एकत्र वाचणाऱ्याचा आकडा हमखास एकाने घसरतो.

खरी मजा पॉडमन या डॉकरसारख्याच साधनाच्या कीप-आयडी पर्यायात आहे. तुमचा १००० आतही १००० च राहावा म्हणून लोक तो लावतात, आणि सोर्स कोडचं फोल्डर कंटेनरला जोडायचं असेल तर तो उत्तमच. पण आता आतलं शून्य तुमचं राहत नाही. ते पट्ट्याच्या डोक्यावर जाऊन बसतं, म्हणजे १००००० वर. परिणामी ३३ चा होतो १०००३३. आधी या पर्यायाशिवाय बनवलेलं व्हॉल्यूम (कंटेनरला जोडलेला डेटाचा साठा) असेल, तर त्यातल्या १०००३२ च्या फाइली आतून आता ३२ च्या दिसू लागतात. वेब सर्व्हर म्हणतो परवानगी नाही, आणि लॉग वाचणारा एसई-लिनक्स या सुरक्षा-यंत्रणेला दोष देत बसतो. इलाज एकच, पण तो नव्या मॅपच्या आत शिरून करावा लागतो: कंटेनर एकदा त्याच पर्यायासह पण आतल्या रूटने चालवायचा आणि आतूनच मालकी ३३ ला द्यायची. जुन्या फाइलींवर आतल्या रूटचा अधिकार चालतो, कारण त्यांचे आकडे नव्या मॅपमध्येही आहेत. जो आकडा मॅपमध्येच नाही, तो आतून ६५५३४ म्हणजे ‘नोबडी’ दिसतो. तिथे आतल्या रूटचंही काही चालत नाही, मालकी बाहेरूनच बदलावी लागते. कीप-आयडी वापरत नसाल तर पॉडमन अनशेअर देऊन त्यापुढे मालकी बदलायची कमांड लिहिली की झालं. त्यात आतले आकडे लिहायचे, बाहेरचे नाहीत.

आणि हा मॅप वाचतानाही सावध राहावं. बाहेरून दुसऱ्याच्या प्रोसेसचा वाचला तर मधला रकाना बाहेरच्या हिशोबात येतो. आतून स्वतःचा वाचला तर तो पालक नेमस्पेसच्या, म्हणजे एक पायरी वरच्या नंबर-जगाच्या, हिशोबात येतो. म्हणजे एकच फाइल, आकडे मात्र वाचणाऱ्यागणिक.

हा सगळा जमाखर्च ॲरे भाषांच्या (आकड्यांच्या अख्ख्या यादीवर एकदम काम करणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषांच्या) नादी लागलेल्यांसाठी खाऊ आहे. त्यांतल्या एपीएलमध्ये तो एका ओळीत मावतो (चालवताना अंक अर्थात इंग्रजी कळफलकाचे):

० ३३ ९९९+(१००० ९९९९९)[० १⍸० ३३ ९९९]

एपीएल उजवीकडून वाचायची. ⍸ हे चिन्ह दोन बाजूंनी वापरलं की विचारतं, उजवीकडचा प्रत्येक आकडा डावीकडच्या कोणत्या टप्प्यात पडतो? शून्य पहिल्या टप्प्यात, बाकीचे दुसऱ्या. त्या क्रमांकाने कंसातला फरक उचलायचा आणि मूळ आकड्यात मिळवायचा. उत्तर १००० १०००३२ १००९९८. लूप नाही, अट नाही. १००० आणि ९९९९९ भोवतीचा कंस मात्र काढू नये. डायलॉग या एपीएलच्या आवृत्तीत चौकटी कंस लगतच्या एकाच आकड्याला चिकटतो, आणि मग रँक एरर येते. कीप-आयडीसाठी टप्पे ० १००० १००१ आणि फरक १००००० ० ९९९९९ एवढाच बदल. त्यातला मधला शून्य फार देखणा आहे: तुम्ही तिथे तुम्हीच.

आता या ओळीतली गंमत. एपीएलमध्ये मोजणी एकापासून की शून्यापासून हे क्वाड-आयओ नावाच्या व्हेरिएबलवर ठरतं. मुळात ते १ असतं, हवं तर ० करता येतं. एपीएलचे जनक केनेथ आयव्हर्सन यांच्या १९६२ सालच्या मूळ पुस्तकातच दोन्ही आरंभांची सोय होती. वरची ओळ दोन्ही आरंभांत तेच उत्तर देते, कारण ⍸ ने दिलेला क्रमांक आणि कंसाने घेतलेला क्रमांक दोघेही एकत्रच सरकतात. गोंधळ होतो तो मधला क्रमांक हाताने लिहिला की. शून्य आरंभात [२] लिहिलं तर इंडेक्स एरर येते, म्हणजे सुटलात. पण शून्य आरंभाची सवय असलेल्याने एक-आरंभात [१] लिहिलं, तर पहिला फरक उचलला जातो आणि ३३ चा बिनतक्रार १०३३ होतो. हा आकडा दिसायला इतका साळसूद की कोणाला संशयही येऊ नये.

आयव्हर्सन यांनीच रॉजर हुई यांच्यासोबत १९९० मध्ये ‘जे’ नावाची भाषा केली तेव्हा ही निवड काढून टाकली. तिथे शून्यच. बीक्यूएन या दुसऱ्या ॲरे भाषेतही शून्यच, पण तिथल्या टप्पा शोधणाऱ्या चिन्हाने ‘किती टप्पे मागे पडले’ हे मोजून दिलेलं असतं. म्हणून ३३ साठी उत्तर येतं २, आणि निवडण्याआधी हाताने एक वजा करावा लागतो. निवड काढली म्हणून एक संपला नाही, तो फक्त दुसऱ्या ओळीत गेला. बाळाला पहिलं वर्ष लागलेलं असतं तेव्हा त्याचं वय शून्य असतं, तशातला हा प्रकार: एक आकडा टप्प्याचा, दुसरा सरलेल्याचा. माझं मत विचाराल तर शून्याच्या बाजूने. यूआयडी-मॅपची ओळही आरंभ आणि लांबी अशीच लिहिलेली आहे, आणि असे पट्टे एकाला एक जोडताना शून्यात कमी खाडाखोड होते. पण आरंभावरून हिरिरीने भांडणारे दोन्ही पक्ष हाताने क्रमांक लिहिणं सोडत नाहीत, हे बघून मौज वाटते.

प्रोसेसच्या नंबरांतही हीच कथा आहे, फक्त तिथे मानाचा आकडा एक. पीआयडी (प्रोसेसच्या नंबरांचं) नेमस्पेस लिनक्स २.६.२४ पासून, म्हणजे २००८ पासून आहे. कंटेनरची पहिली प्रोसेस आत १ असते, बाहेर ४८२१३ वगैरे कोणीही. आतल्या एकाला कर्नल राजासारखं वागवतो: ज्या सिग्नलसाठी त्याने हँडलर लावलेला नाही तो त्याच्यापर्यंत पोचतच नाही. बाहेरून सक्तीने चालतात ते फक्त सिगकिल (ठार) आणि सिगस्टॉप (जागीच थांब). त्यामुळे डॉकर स्टॉप दिलं की सिगटर्म (आवरतं घेण्याची विनंती) जातो, दहा सेकंद काहीच होत नाही, मग सिगकिल, आणि एक्झिट कोड १३७, म्हणजे १२८ अधिक ९. एंट्रीपॉइंटची (कंटेनर सुरू होताना चालणारी) शेल स्क्रिप्ट असेल तर शेवटच्या कमांडआधी एक्झेक (शेलची जागाच त्या कमांडला देणारा शब्द) लिहावं, नाहीतर एक नंबर शेलकडे राहतो आणि शेल सिग्नल पुढे पाठवत नाही. पण एक्झेकने प्रश्न निम्माच सुटतो. आता तुमचा प्रोग्रॅम स्वतः एक झाला, आणि पायथॉनसारखा सिगटर्मचा हँडलर आपणहून न लावणारा असेल तर तोही ढिम्म. मग एकतर हँडलर लिहा, नाहीतर इनिट पर्याय देऊन एकाच्या जागी टिनी नावाची छोटी प्रोसेस बसवा. ती पोरक्या प्रोसेसची विल्हेवाटही लावते. मेमरी संपून मारला गेला तरी कोड १३७ च. तेव्हा सीग्रुपच्या (कर्नलने मेमरीची मर्यादा घातलेल्या प्रोसेस-गटाच्या) मेमरी-इव्हेंट्स फाइलमधला ओओएम-किलचा, म्हणजे मेमरीअभावी मारलेल्यांचा, आकडा वाढलाय का ते आधी बघावं.

आतला नंबर आणि बाहेरचा नंबर यांची गाठ घालून देणारी ओळ कर्नल ४.१ पासून स्वतःच देतो. प्रॉकमधल्या स्टेटस फाइलमध्ये एनएसपीआयडी म्हणून: ४८२१३ १. डावीकडे तो प्रॉक ज्या नेमस्पेसमधून माउंट केलाय तिथला आकडा, मग एकेक पायरी आत. कंटेनरात कंटेनर असेल तर तीन आकडे. सर्वांत आतला हवा असेल तर एपीएलमध्ये ⊃⌽ पुरे: उलटं करा, पहिला घ्या. यात क्रमांक लिहावाच लागत नाही, त्यामुळे क्वाड-आयओ काहीही असो.