क्लाउड मायनिंगचा प्लॅन तपासताना

मावसभावाने (मी त्याला दादा म्हणतो) एका क्लाउड मायनिंग साइटची लिंक पाठवली: पैसे आपण भरायचे, मशीन कंपनी चालवणार आणि कमाईतला वाटा देणार. खाली लिहिलं, "तू मायनिंग केलंयस ना? मोठी रक्कम टाकायच्या आधी जरा बघून सांग." मी ग्राफिक कार्डांवर इथेरियमचं मायनिंग करायचो, म्हणजे संगणकाला गणितं करायला लावून क्रिप्टोची नवी नाणी कमवायचो. 15 सप्टेंबर 2022 ला इथेरियम प्रूफ ऑफ स्टेकवर, म्हणजे मायनिंगऐवजी नाणी तारण ठेवून व्यवहार तपासण्याच्या पद्धतीवर, गेलं आणि जगभरातलं ते मायनिंग एका दिवसात बंद पडलं, माझंही. त्यामुळे साइट उघडताच नजर प्लॅनच्या यादीवर गेली. बिटकॉइन, डोजकॉइन आणि त्यांच्याखाली चक्क इथेरियम. जे नाणं आता मायनिंगने निघतच नाही, त्याच्या मायनिंगचे प्लॅन ही कंपनी 2025 मध्ये विकत होती.

माझ्यापुरता विषय तिथेच संपला होता, पण दादाला ते पुरेसं वाटेना. "अरे, जुना प्लॅन काढायचा राहिला असेल," तो म्हणाला. शिवाय त्याने थोडी रक्कम टाकून पाहिली होती आणि एकदा पैसे काढलेही होते. ज्याच्या वॉलेटमध्ये पैसे आलेत त्याच्याशी नुसता वाद घालून उपयोग नव्हता. म्हटलं, आकडेच मांडू.

हिशेब डॉलरमध्ये केला की बिटकॉइनच्या भावाच्या चढउतारात सगळं झाकलं जातं, म्हणून मी तो बिटकॉइनमध्येच केला. एप्रिल 2024 च्या हाविंगपासून (त्यात नव्या नाण्यांचं बक्षीस निम्मं होतं) प्रत्येक ब्लॉकमागे, म्हणजे व्यवहारांच्या प्रत्येक गठ्ठ्यामागे, 3.125 नवे बिटकॉइन निघतात. साधारण दहा मिनिटांना एक ब्लॉक, म्हणजे दिवसाला 144 ब्लॉक आणि 450 बिटकॉइन. जगात कोणी कितीही मशीन लावली तरी यात वाढ होत नाही, कारण दर 2016 ब्लॉकनंतर डिफिकल्टी, म्हणजे ब्लॉक शोधण्याची काठिण्यपातळी, बदलते आणि वेग पुन्हा दहा मिनिटांच्या आसपास येतो. त्या वेळी नेटवर्कचा एकूण हॅशरेट, म्हणजे मायनिंगच्या सगळ्या मशीनचा मिळून वेग, 900 एक्साहॅशच्या आगेमागे होता; एक एक्साहॅश म्हणजे दहा लाख टेराहॅश. भागाकार केला की एका टेराहॅशच्या वाट्याला दिवसाला जेमतेम 50 सातोशी येतात (एका बिटकॉइनचे दहा कोटी सातोशी). 200 टेराहॅशचं अँटमायनर एस21 हे मायनिंगचं मशीन लावलं तर रोज 10,000 सातोशी, म्हणजे 0.0001 बिटकॉइन. ट्रान्झॅक्शन फीची थोडी भर धरा. मग त्यातून दिवसाची 84 युनिट वीज वजा करा, पूलचं (एकत्र मायनिंग करून कमाई वाटून घेणाऱ्या गटाचं) कमिशन, जागा, कूलिंग, दुरुस्ती. जे उरतं त्यातून मशीनची किंमत निघायला वर्षाहून जास्त लागतं, आणि तोवर डिफिकल्टी बहुधा आणखी चढलेली असते.

दादाच्या प्लॅनमध्ये रोज दीड टक्का निश्चित परतावा होता. 67 दिवसांत मुद्दल वसूल. मला खरं तर दीड टक्क्यापेक्षा "निश्चित" जास्त खटकलं. भाव हलतो, डिफिकल्टी हलते, फी हलते. मायनिंग करणाऱ्याला उद्या किती मिळेल हे आज सांगता येत नाही. रोज ठरलेले डॉलर देणारं मशीन अजून कोणी बनवलेलं नाही. आणि समजा बनवलं, तर त्यातला वाटा अनोळखी लोकांना विकून वर तीन पातळ्यांचं रेफरल कमिशन कोण कशाला वाटेल?

कागदपत्रं मी भराभर उरकली. ब्रिटनमध्ये कंपनी नोंदवल्याचं प्रमाणपत्र होतं, पण तिथे कंपनी नोंदवणं स्वस्त आणि सोपं आहे. कंपनी खरोखर मायनिंग करते का, हे नोंदणीच्या वेळी कोणी पाहत नाही. दुसरा कागद फिनसेन या अमेरिकेच्या आर्थिक गुन्ह्यांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे एमएसबी, म्हणजे पैशांची सेवा देणारा व्यवसाय, म्हणून नोंद असल्याचा. ही नोंद म्हणजे आमची शिफारस किंवा मान्यता नव्हे, असं फिनसेन स्वतःच सांगतं. साइट म्हणत होती 2018 पासून सेवेत; डोमेन मात्र काही महिन्यांपूर्वीच घेतलेलं. मायनिंग फार्मचा फोटो शोधून पाहिला तर तो भलत्याच कंपनीच्या जुन्या लेखातला निघाला.

पण फोटो खरा असता तरी काय सिद्ध झालं असतं? कंपनी आहे हे कळलं म्हणून आपल्या नावाचा हॅशरेट आहे हे कळत नाही. ते पूलवर दिसतं. मशीन पूलला जोडलेलं असलं की कोणता वर्कर चालू आहे, किती हॅशरेट देतोय, किती जमा झालं, हे सगळं तिथे असतं, आणि अनेक पूल फक्त बघण्यापुरती वॉचर लिंक देतात. माझ्या वेळी मी अशी लिंक मित्रांना सहज पाठवायचो. म्हणून दादाच्या खात्यावरून सपोर्टला विचारलं, "आमचा हॅशरेट कोणत्या पूलवर आहे? वॉचर लिंक मिळेल का?" उत्तर आलं की सुरक्षेच्या कारणास्तव ती माहिती देता येत नाही, मात्र आज गोल्ड प्लॅनवर बोनस चालू आहे.

मग ब्लॉक एक्सप्लोरर उघडला, म्हणजे क्रिप्टोचे सार्वजनिक व्यवहार दाखवणारी साइट. दादाने ट्रॉन या क्रिप्टो नेटवर्कवरच्या यूएसडीटीमध्ये, म्हणजे डॉलरशी बांधलेल्या नाण्यात, पैसे भरले होते, त्यामुळे सगळा प्रवास उघडा होता. त्याला दिलेल्या पत्त्यावरून रक्कम थोड्याच वेळात एका मोठ्या वॉलेटमध्ये गेली होती. त्या वॉलेटमध्ये अशाच असंख्य पत्त्यांवरून छोट्या-छोट्या रकमा येत होत्या. आणि दादाने काढलेले पैसे? ते त्याच वॉलेटमधून आले होते. खरा मायनर पूलकडून बिटकॉइन घेतो आणि ते विकून वीजबिल भरतो. कंपनी बिटकॉइन दुसरीकडे विकत असेल, असा बचाव करता येतो. पण मग विक्रीचा पैसा कुठून तरी आत यायला हवा. इथे आत येणारं जे काही होतं, ते नव्या लोकांच्या भरण्यासारखं दिसत होतं. मोठ्या रकमा मात्र नियमितपणे बाहेर जात होत्या.

दादा बराच वेळ ती पानं खालीवर करत राहिला. मग म्हणाला, "पण मोठ्या कंपन्या तर खऱ्या असतील ना?" त्याला हॅशफ्लेअर या मोठ्या क्लाउड मायनिंग कंपनीबद्दल सांगितलं. एस्टोनियातले दोन संस्थापक, 2015 ते 2019 या काळात ग्राहकांकडून 57.7 कोटी डॉलरहून जास्त रक्कम. आणि जाहीर केलेल्या क्षमतेच्या एक टक्काही बिटकॉइन मायनिंग प्रत्यक्षात होत नव्हतं. डॅशबोर्डवरचे आकडे बनावट होते. अमेरिकेच्या आरोपपत्रात एक गोष्ट होती जी मी दादाला मुद्दाम दाखवली: पैसे द्यावेच लागले तर ते बाजारातून विकत घेतलेल्या नाण्यांतून दिले जात. दोघांनी फेब्रुवारी 2025 मध्ये गुन्हा कबूल केला. त्याआधी, 2018 मध्ये, मायनिंग परवडत नाही म्हणून कंपनीने बिटकॉइनचे करार थांबवले होते. देखभाल शुल्क उत्पन्नापेक्षा जास्त झालं तर करार संपेल, अशी अट या धंद्यात सर्रास असते. प्रामाणिक कंपनीच्या करारातही ती तुमच्या विरोधात जाऊ शकते. करार वाचताना मी आता ती ओळ सर्वात आधी शोधतो.

उरलेली रक्कम काढायचा अर्ज त्याने माझ्यासमोरच केला. आधी उत्तर आलं की लॉक-इन आहे. आम्ही त्यांच्याच अटी पुढे केल्यावर लॉक-इन गायब झालं आणि त्या जागी पंधरा टक्के "कर" आला, जो आधी स्वतंत्रपणे भरायचा होता. शिल्लक त्यांच्याच हातात असताना कर त्यातून का कापत नाही, याला उत्तर नव्हतं. दादाने भरला नाही. ट्रान्झॅक्शनचे आयडी, पत्ते, चॅट, प्लॅनचं पान, सगळं लगेच जतन केलं, कारण खातं कधी बंद होईल याचा नेम नव्हता. ज्या एक्सचेंजवरून यूएसडीटी घेतले होते तिथेही पत्ते कळवले. तोच पासवर्ड त्याने ईमेललाही ठेवला होता; तो त्याच रात्री बदलायला लावला.

सायबर पोलिसांकडची तक्रार लिहीत असतानाच त्याला टेलिग्रामवर मेसेज आला: अडकलेली क्रिप्टो परत मिळवून देतो, फी आगाऊ. नाव वेगळं, भाषा सपोर्टसारखीच, आणि अडकलेली रक्कम अगदी सेंटपर्यंत बरोबर. तोवर आम्ही ती रक्कम कुणालाच सांगितली नव्हती. ती फक्त कंपनीच्या डॅशबोर्डवर होती. त्या मेसेजचा स्क्रीनशॉट काढून तोही तक्रारीला जोडला.