तुम्ही विचारलंत म्हणून: ही जाळी धुता कधी?

धरणगावला एका जिनिंगच्या ऑफिसात मी हिशेब लिहितो. कापूस घेऊन आलेली मंडळी वजनपावती हातात धरून टेबलाशी बसतात आणि त्यांची नजर माझ्या पेल्यात बसवलेल्या, चहाची पानं ठेवायच्या स्टीलच्या जाळीवर जाते. मग ठरलेला प्रश्न येतो: "भाऊ, गाडीवरचा चहा सोडून हे काय? आणि ही जाळी धुता तरी कधी?"

गाडीवरचा चहा सोडलेला नाही. सकाळी अकराला सगळ्यांबरोबर तो होतोच. कोणी "च्या घ्या" म्हटलं की आमच्याकडे नाही म्हणत नाहीत. पण दुपारी तीनला, पत्रा तापलेला असताना, दूध-साखर नको वाटते. तेव्हा हा पानांचा कोरा चहा.

पान आणि दाणा यांतला फरक कापूसवाल्याला पटकन समजतो. तुम्ही धाग्याची लांबी बघता ना, तसंच. गाडीवरचा दाणेदार चहा म्हणजे सीटीसी. त्यात पान दातेरी रोलरांमधून चिरडतात, फाडतात, वळवतात. 1930 च्या सुमारास आसामात ही रीत निघाली. त्याचा रंग लगेच उतरतो आणि तो दुधाखाली दबत नाही, म्हणून उकळायला तोच हवा. जाळीत मात्र त्याची भुकटी भोकांतून खाली येते आणि शेवटचा घोट गाळाचा होतो. अख्खं पान पाण्यात हळूहळू उलगडतं. त्याला फुलायला जागा लागते, म्हणून पानं भरून पाण्यात सोडायचा तो साखळीचा छोटा जाळीदार गोळा मी कधीच घेत नाही.

प्रमाण सोपं आहे. 200 मिलिलिटर पाण्याला दोन-अडीच ग्रॅम पान. मोठं पान हलकं असतं, तेव्हा एका चमच्यावर भागवू नका, दोन लागतात. आसामच्या चहाला खळखळतं पाणी आणि चार मिनिटं. दार्जिलिंगच्या मार्च-एप्रिलच्या पहिल्या तोडीला किटलीचं झाकण उघडून पाणी जरा निवू देतो. ग्रीन टीला 80 अंशांच्या वर गेलात तर कडू होणारच.

पाण्याने मला फार छळलं. आमच्या बोअरचं पाणी जड. त्याचा चहा केला की वर तपकिरी तवंग धरायचा, हलवला की काचेसारखा तडकायचा आणि पेल्याच्या कडेला चिकटायचा. आधी मी पानालाच दोष दिला, दोनदा पुडा बदलला. दोष पाण्यातल्या चुन्याचा होता. तो आणि चहातला कस हवेशी मिळून ती साय धरतात. जारच्या पाण्याने केला तेव्हा पेल्याचा तळ दिसला.

आता जाळी. चहा संपला की लगेच, पानं ओली असतानाच, ती उलटी करून चोथा झटकायचा. एवढं केलंत तर निम्मं काम झालं. मी हे एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शिकलो. घाईने गावी गेलो, जाळी भरलेली तशीच राहिली. तीन दिवसांनी आलो तर पानं तारांना चिकटून खडखडीत वाळली होती. टाचणीने एकेक भोक मोकळं करत बसलो आणि कडेची तार निसटली ती निसटलीच. पावसाळ्यात याच्या उलट, दोन दिवसांत बुरशी.

झटकल्यावर पाण्याची धार बाहेरून आत सोडायची, म्हणजे अडकलेलं पान आलं त्या वाटेने परत जातं. साबण रोज नको. भांडी घासणाऱ्या मावशींनी एकदा जाळी आपुलकीने लिंबाच्या वासाच्या साबणाने घासून दिली. पुढचे दोन दिवस चहाला तोच वास होता. तारेची घासणी तर नकोच नको, बारीक जाळी विसकटते.

रोज धुऊनही आठवड्याभरात तपकिरी राप चढतो. शनिवारी स्टीलच्या ग्लासात जाळी ठेवतो, चमचाभर खाण्याचा सोडा टाकतो, वरून उकळतं पाणी ओततो. पाणी बघता बघता काळपट होतं. अर्ध्या तासाने जुन्या टूथब्रशने कडेची घडी घासतो, कारण राप तिथेच लपतो. ग्लास अॅल्युमिनियमचा घेऊ नका, सोड्याने काळा पडतो. किटलीतला पांढरा थर वेगळा, त्याला लिंबूसत्व लागतं. सोडा आणि लिंबूसत्व एकत्र टाकू नका, दोन्ही एकमेकांना मारतात.

चोथा बाहेरच्या तुळशीच्या कुंडीत जातो. त्यात साखर-दूध नसल्याने मुंग्या येत नाहीत.

आमच्याकडे हंगामात आणखी एक गोष्ट होते. रुईचा तूस हवेत असतो, ओली जाळी टेबलावर राहिली की तिच्यावर पांढरी लव येते. म्हणून फडक्याने नीट टिपून, पूर्ण सुकवून ती डब्यात ठेवतो.

नवी घेणार असाल तर पेल्याच्या तळापर्यंत जाणारी, अखंड पत्र्याला बारीक भोकं पाडलेली बघा. विणलेल्या जाळीला शिवण असते, आणि घासताना सगळा वेळ त्या शिवणीतच जातो.