तुम्ही विचारलंत म्हणून: माणूस विषय सोडून बोलायला लागला की काय करायचं?

नवीन कोचिंग करायला लागलेली मंडळी (म्हणजे शिकवणी नाही, समोरच्याशी बोलून, प्रश्न विचारून त्याला त्याचा मार्ग शोधायला मदत करणं) मला हेच विचारतात, फोनवर, ट्रेनिंगच्या चहाच्या ब्रेकमध्ये, परवा तर दादर स्टेशनच्या ब्रिजवर एकीने थांबवून विचारलं, की ताई, समोरचा बोलता बोलता भलतीकडेच जातो, त्याला वाईट न वाटता परत कसं आणायचं?

मी स्वतः आधी चुकीचं करायचे. एक साहेब होते, नुकतीच टीम सांभाळायला मिळालेली, आणि दर पाच मिनिटांनी गाडी जुन्या बॉसवर जायची. मी म्हणायचे, "आपण विषयावर येऊया का?" ते यायचे, पण त्यानंतर नुसतं हो, नाही, बघू. हे वाक्य प्रश्नासारखं दिसतं पण तो प्रश्न नाहीच, ती वर्गात आपटलेली पट्टी आहे. विषय त्यांचा होता आणि तो मी माझ्या ताब्यात घेतला होता.

म्हणून आता सगळी मेहनत सुरुवातीला. मुंबईत माणूस तासभर लोकलमध्ये उभा राहून येतो, पहिली दहा मिनिटं गर्दी नाहीतर मेगाब्लॉक, ते होऊ द्यायचं, पाणी द्यायचं आणि मग विचारायचं, "आज इथून उठताना काय हाती लागलं तर येणं सार्थकी लागलं असं वाटेल?" जे उत्तर येईल ते त्यांच्याच शब्दांत वहीत लिहायचं, आपल्या सुधारलेल्या भाषेत नाही. कोचिंगमधलं मोठं नाव जॉन व्हिटमोर, त्यांनी १९९२ च्या पुस्तकातून 'ग्रो' (GROW) मॉडेल, म्हणजे अशा बोलण्याचा चार पायऱ्यांचा आराखडा, सगळीकडे पोचवला, त्यात ध्येय, आत्ताची परिस्थिती, पर्याय आणि मग नक्की काय करणार असा क्रम आहे, पण ध्येयाचा प्रश्न लोक फॉर्म भरल्यासारखा उरकतात आणि मग पुढे भरकटलं म्हणतात. कशापासून भरकटलं ते तरी ठरलेलं हवं ना.

एक बँकेतल्या मॅडम (ओळख पटेल असं सगळं बदललंय) टीमला काम सोपवता येत नाही म्हणून आल्या आणि अर्ध्या तासाने आम्ही सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन आणि पहाटेचे डबे यात होतो. मी थांबवणारच होते, पण वही बघून विचारलं, "तुम्ही सुरुवातीला टीमचं म्हणालात, आत्ता आपण घरचं बोलतोय. हे त्याला लागून आहे, की आज हेच घ्यायचं?" त्या जरा वेळ गप्प झाल्या. मग म्हणाल्या, नणंद मदतीला आलीये, तिला भाजी चिरायला दिली आणि ती आत गेल्यावर मी परत बारीक चिरली, रिपोर्टचं पण मी असंच करते. मी "विषयावर येऊया" म्हटलं असतं तर ती भाजी मला कधीच कळली नसती.

अजून एक, आपल्या मराठीत 'का' जपून वापरा. "तुम्ही त्याला सांगितलं का नाहीत?" म्हटलं की माणूस खुलासे द्यायला लागतो आणि खुलासे लांबतात, खरं भरकटणं तिथून सुरू होतं. त्याऐवजी "सांगायला काय आड आलं?" विचारा. आणि कुणी गोल गोल फिरत असेल तर १ ते १० चा प्रश्न (१ म्हणजे अगदीच अडकलेलं, १० म्हणजे हवं तसं), "आज कितीवर आहात, आणि एकने वर गेलात तर काय वेगळं दिसेल?" ही पद्धत स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग यांच्या समुपदेशनाच्या कामातून आलेली आहे. आकडा सांगितला की बोलणं आपोआप जमिनीवर येतं, यावर माझा फार विश्वास आहे.

शेवटची पंधरा मिनिटं उरली की मी घड्याळ लपवत नाही, सरळ विचारते, "एवढा वेळ आहे, कशाला देऊया?"

आणि कधी कधी उत्तर येतं की पहिला विषय राहू दे, हाच घेऊया. मग पहिलं वाक्य खोडायचं नाही, त्याच्याखाली नवीन लिहायचं, तारीख टाकून. मॅडमच्या पानावर अशी तीन वाक्यं आहेत, एकाखाली एक, आणि पुढच्या वेळी आल्या की बसायच्या आधी त्याच वही मागून घेतात.