आंब्यांचा लेहरा

भाचीसाठी फोनवरचा एक खेळ लिहिला. वरून आंबे पडतात, खाली टोपली सरकवून झेलायचे. तीन आंबे जमिनीवर पडले की खेळ संपला. तिनं दोन मिनिटं खेळून फोन परत दिला. "मामा, याला म्युझिकच नाही."

खेळाला दोन रविवार लागले होते. म्युझिकला चार लागले.

माळ्यावरची पेटी काढली, भूप रागातली एक छोटी चाल रेकॉर्ड केली. सोळा मात्रा, मिनिटाला १२०ची लय, म्हणजे बरोबर ८ सेकंद. एमपीथ्री फाइल केली आणि संपली की पहिल्यापासून वाजत राहील अशी सोय केली. दहा मिनिटांत वडील आतून म्हणाले, "सम निसटतेय तुझी. दर आवर्तनाला."

सम म्हणजे आवर्तनाची, तालाच्या एका फेरीची, पहिली मात्रा. मला काही जाणवत नव्हतं. पण चाळीस वर्षं तबला वाजवलेल्या माणसाशी समेवरून कोण वाद घालणार? हेडफोन लावला. होती खरी, सांध्यापाशी बारीकशी खाच.

त्याचं असं आहे, की एमपीथ्री आवाजाची सॅम्पल्स, म्हणजे क्षणाक्षणाला घेतलेली मोजमापं, १,१५२च्या गठ्ठ्यांत बांधतं. सेकंदाला ४४,१०० म्हणजे माझ्या चालीची झाली ३,५२,८००. पूर्ण भाग जात नाही. मग शेवटच्या गठ्ठ्यात उरलेल्या जागेत शांतता कोंबली जाते, सुरुवातीलाही थोडी असतेच. एकदा ऐकून सोडायच्या गाण्यात हे कुणाच्या बापाला कळत नाही. माझ्या बापाला कळलं.

ऑग या दुसऱ्या प्रकारात फाइल केली, खाच गेली. पुढच्याच आठवड्यात बँकेच्या रांगेत माझ्या खिशातून भूप सुरू झाला. खेळ नजरेआड झाला की वाजणं थांबव, हे फोनला वेगळं सांगावं लागतं. मी सांगितलं नव्हतं.

१९७८च्या 'स्पेस इनव्हेडर्स'मध्ये चारच उतरते सूर होते. शत्रू कमी होत जातील तशी त्यांची लय चढायची आणि खेळणाऱ्याचा जीव टांगणीला लागायचा. म्हटलं, आपणही आंब्यांबरोबर लय वाढवावी. पण नुसता वेग वाढवला की सूरही चढतो. पेटी चिरकायला लागली. तो नाद सोडला.

मग एका संध्याकाळी आतून तबला ऐकू आला, कित्येक महिन्यांनी. एकट्या तबल्याला लेहरा लागतो: एका आवर्तनाची चाल, तीच ती, तासभर. तो धरणाऱ्याकडे कुणी बघतही नाही, फक्त त्यानं जागा सोडायची नाही. वडिलांनी फोन उशीला टेकवून ठेवला होता, हातोडीनं तबला पेटीच्या सुरात आणला होता आणि कायदा, म्हणजे तबल्यातली विस्तार करत वाजवायची एक रचना, सुरू केला होता. पडद्यावर आंबे पटापट जमिनीवर. तिसरा पडला, लेहरा बंद.

"अरे, हे आंबे थांबव की!"

आता खेळात एक जादा बटण आहे, त्यावर 'आजोबा' असं लिहिलंय. ते दाबलं की टोपली नाहीशी होते आणि आंबे कितीही पडले तरी खेळ संपत नाही.