ह्यांच्या पार्किन्सनसाठी टीएमएस : आमचा अनुभव

गुहागरकडच्या आमच्या जुन्या घराला उंबरठे फार. ह्यांचा हात थरथरायचा त्याचं एवढं वाटत नव्हतं, पण ओटीवरून माजघरात येताना पाय जमिनीला खिळायला लागले, तेव्हा धाबं दणाणलं. डीबीएसच्या, म्हणजे मेंदूत तारा बसवायच्या ऑपरेशनचं नाव काढताच, ‘डोक्याला भोक पाडून घेणार नाही,’ म्हणाले. मग विषय निघाला टीएमएसचा. काप नाही, भूल नाही. बाहेरून चुंबकाने मेंदूला चालना द्यायची.

डॉक्टरांनी आधीच बजावलं, रोग बरा होत नाही, गोळ्या सुटत नाहीत. टीएमएसला अमेरिकेत २००८ साली मान्यता मिळाली ती नैराश्यासाठी. पार्किन्सनमध्ये हालचालीत फरक पडतो, पण बेताचा, आणि सगळ्यांनाच नाही. एवढं सरळ बोलणारा माणूस मला आवडला. हमखास गुणाची हमी देणारे आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत.

आठवड्याचे पाच दिवस जावं लागतं, म्हणून मांडवी एक्स्प्रेसने ठाण्याला पुतण्याकडे मुक्काम हलवला. आधी चौकशी : पेसमेकर आहे का, डोक्यात धातूची क्लिप, कधी फिट आली होती का. मग खुर्चीत बसवून इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी कॉइल डोक्यावर धरली आणि थोडी थोडी सरकवत एकेक ठोका देत राहिले. एका जागी ह्यांचा अंगठा आपसूक उडाला. हे स्वतःच दचकले! ती जागा पक्की करायची, आणि अंगठा जेमतेम उडेल त्या जोरावरून पुढचा जोर ठरवायचा. कानात बोळे घालतात, कारण सुतार चुका ठोकत असल्यासारखं मशीन वाजतं. टाळूला टोचायचं, नंतर डोकं जड व्हायचं, बाकी त्रास नाही.

एक सांगते, सेशनची वेळ गोळीच्या वेळेशी जुळवून मागा. गोळीचा असर उतरला की खुर्चीपर्यंत पोचणंच मुश्कील.

गुण? खुर्चीतून उठणं सोपं झालं, शर्टाची बटणं स्वतः लावतात. उंबरठ्याशी अजून अडतात. तिथे फिजिओने सांगितल्याप्रमाणे जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्यात. त्या ओलांडायच्या म्हटलं की पाय उचलतो. पट्ट्या चिल्लरीत आल्या, मशीनचा खर्च विचारू नका.

असर हळूहळू ओसरतो, पुन्हा यावं लागेल, असं डॉक्टर म्हणालेत. ह्यांचं उत्तर ठरलेलं : आंबे उतरले की बघू.