एकादशी आणि मांडीचे स्नायू

आषाढीला साबुदाणा रात्रीच भिजत पडतो. सकाळी दाणा बोटांनी दाबून पाहायचा, दाण्याचं कूट सढळ हातानं मिसळायचं, तुपात जिरं आणि मिरची तडतडली की सगळं घर उपासाला तयार. 'एकादशी, दुप्पट खाशी' म्हणून टोमणे मारणारेच पहिल्या वाढपाला ताट घेऊन हजर असतात.

उपास खरा की खोटा, हे मात्र मांडीच्या स्नायूला विचारावं. तो पंचांग बघत नाही, रक्तातलं इन्सुलिन बघतो. रात्रीच्या जेवणानंतर तासामागून तास गेले की इन्सुलिन उतरतं, साठलेल्या चरबीतून मेदाम्लं सुटतात आणि स्नायूत शिरतात. तिथे ती नुसती जळत नाहीत. पेशीच्या केंद्रकातल्या पीपीएआर नावाच्या प्रथिनांना चिकटून मेद जाळणारी जनुकं जागी करतात. म्हणजे सरपणच चूल पेटवायला सांगतं! मला यातली ही गंमत सगळ्यात आवडते. जाग्या झालेल्या जनुकांपैकी एक पीडीके४. त्याचं प्रथिन स्नायूतल्या ग्लुकोजचं ज्वलन रोखून धरतं, कारण ते मेंदूसाठी राखायचं असतं. साखर आणि मेद यांच्यातली ही चढाओढ ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ फिलिप रँडल आणि सहकाऱ्यांनी १९६३ सालीच मांडली होती, जनुकांचा पत्ता नंतर लागला.

आता खिचडीकडे या. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचा जवळजवळ निव्वळ स्टार्च. बशी संपते न संपते तोच इन्सुलिन चढतं आणि पीडीके४ मुकाट्यानं बसतं. मग तूप आणि कूट कुठे जातात? रक्तातली चरबी उतरवून घेणारं लायपोप्रोटीन लायपेज हे विकर (एन्झाइम) उपाशीपणी स्नायूंजवळ वाढतं, खाल्ल्यावर मात्र चरबीच्या पेशींजवळ. थोडक्यात, सगळा ऐवज पोटाच्या घेराकडे. तेव्हा खिचडीला कुणी 'डाएट' म्हणू नये. चवीसाठी खावी, बिनधास्त खावी, फक्त पुण्य आणि वजन यांचे हिशेब वेगळे ठेवावेत.

वारकऱ्यांची गोष्ट निराळी. चालणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता ग्लुकोज ओढून घेतो, आणि तासन्‌तास चाललं की पीडीके४ही जागं होतं. आळंदीहून पायी पंढरपूर गाठणाऱ्याला खिचडी आग्रहानं वाढावी, वर तुपाची धार सोडावी. आम्ही टीव्हीवर पालखी बघणारे. आम्हाला ताक पुरे.